एकेचाळिसावं पिठलं

"नाही," मी म्हणालो.

"अरे, मी चमचा अजून तोंडात घातलेला नाही," अश्लेषा मॅडम म्हणाल्या.

"घालू नका. हे ते नाही."

त्यांनी तरीही घातला. मॅडम दिघ्यांच्या सूनबाई, आणि चवीच्या बाबतीत दिघ्यांच्या घरात कुणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. डोळे मिटून त्यांनी पिठलं जिभेवर फिरवलं, गिळलं आणि चमचा खाली ठेवला.

"उत्तम झालंय, हणमंत. लसूण बोलतोय, मिरची ओरडत नाही. यात तुला काय सापडत नाही, ते एकदा सांगशील मला?"

"ते सांगता आलं असतं तर सापडलं असतं."

भट्टीशेजारच्या भिंतीवर मी खडूनं आणखी एक रेघ ओढली. एकेचाळीस झाल्या.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकतीस वर्षांचा होतो आणि पुण्यात कर्वे रस्त्याच्या मागं दिघ्यांच्या एका जुन्या बंगल्यात मॅडम नवं हॉटेल काढत होत्या. गोरगरिबांच्या घरातलं जेवण, पण मोठ्या हॉटेलाच्या थाटात. आंबील, हुलग्याचे शेंगोळे, अंबाडीची भाजी, असे नऊ पदार्थ एकामागून एक यायचे, प्रत्येक पदार्थ दोन-तीन घासांचा. आपल्याकडे हाताला चव असते म्हणतात, तर मग त्या हाताचं नाव सांगायला नको का, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून कार्डावर प्रत्येक पदार्थाखाली एक ओळ असायची. 'हात: कौसाबाई.' 'हात: दिगंबर.' आठ पदार्थांचे हात ठरले होते. नववं पिठलं. त्याच्या खालची ओळ कोरी होती.

खरं तर त्या पिठल्यामुळंच मला नोकरी लागली होती. मुलाखतीत मॅडमनी सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न मलाही विचारला, आईच्या हातचं काय आवडतं? मी म्हणालो, "आई मी चार वर्षांचा असताना गेली. तिच्या हातचं काहीच आठवत नाही." त्या ओशाळल्या. "बरं, मग कुणाच्याही हातचं?" मी म्हणालो, "एक पिठलं आहे. लहानपणी खाल्लेलं. त्याच्यासारखं पुन्हा काही खाल्लं नाही. पण कुणाच्या हातचं, ते माहीत नाही." त्यांनी तिथंच मला घेऊन टाकलं.

आणि आता ते पिठलं काही केल्या जमेना. मी डाळ कोळशाच्या धगीवर भाजून पाहिली, जात्यावर दळून पाहिली, पीठ तीनदा वस्त्रगाळ केलं, ताकात भिजवलं. एकदा तर फेस काढायच्या नळकांड्यात पिठलं भरून त्याचा ढग केला. भाकरीवाल्या कौसाबाई तो ढग बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेफ, हे पोटात जायच्या आधीच उडून जाईल की."

मॅडमनी त्या मंगळवारी निकाल लावला. "शनिवारी बारा माणसं जेवायला येतायत. त्यांनी मान हलवली तर हे हॉटेल उघडेल, नाही तर इथं पुन्हा दिघ्यांची अडगळ भरू. शुक्रवारपर्यंत पिठलं दे. नाही तर शेवटी आमरसाचा फेस जाईल. आणि एक सांगते, पिठल्याशिवायचा मेनू तुझा नसेल. तो माझा असेल, आणि तू माझा आचारी असशील."

आमरसाच्या फेसाचं दुःख नव्हतं. आचारी म्हणवून घ्यायचीही लाज नव्हती. पण लहानपणातली एकच गोष्ट माझ्याकडं धड शिल्लक होती, आणि ती मला पुन्हा करता येत नव्हती, याचा जीव जाळणारा राग यायचा.

"त्या दिवशीचं समदं सांगा बरं मला," संध्याकाळी कौसाबाई म्हणाल्या. त्या बीडकडच्या, पन्नाशीच्या, परातीपुढं बसल्या की कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या. "काय घातलं हुतं ते ऱ्हाऊ द्या. काय दिसलं ते सांगा."

मला जे आठवत होतं ते मी सांगितलं. मी कुणाच्या तरी मांडीवर बसलोय. घर माणसांनी भरलंय, ओट्यावर माणसं, अंगणात माणसं. आणि सगळी मला भरवतायत. एकाचा घास संपतोय तोवर दुसऱ्याचा हात पुढं. एक भाकरी जाड, एक पातळ. एक बाजरीची काळी, एक ज्वारीची पांढरी. पिठलंही तसंच. एका घासाला लसूण, दुसऱ्याला नुसतं जिरं, मध्येच कुठं आंबट. आणि प्रत्येक घासाच्या शेवटी जिभेच्या मुळाशी थोडंसं कडू. त्या दिवशी मला कुणी रागावलं नाही. मी अंगावर सांडलं, तरी कुणी दटावलं नाही. एवढे लाड माझे आयुष्यात परत झाले नाहीत. गावची जत्रा असणार, असं मी कधीचंच ठरवून टाकलं होतं.

"त्या कडूपायी तर मी वेडा झालोय," मी म्हणालो. "मेथी घालून पाहिली, लसूण करपवून पाहिला, कारल्याची सालसुद्धा घातली. कडू येतं, पण ते नाही येत."

"आन् काय दिसलं?"

"काही नाही. मांजर होतं. चुलीत झोपलेलं, राखेत. मी त्याला घास टाकला, तर उठलंसुद्धा नाही."

कौसाबाईंचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. शेवटी मीच ती उलटली.

"मांजर चुलीत निजलं, म्हंजे चूल गार हुती," त्या म्हणाल्या.

"असेल."

"मग पिठलं कुठं झालं?"

हा प्रश्न मला सत्तावीस वर्षांत पडला नव्हता. मी स्वतःला शेफ म्हणवत होतो. पिठलं कशात केलं, कसलं केलं, किती वेळ शिजवलं, सगळं खोदून झालं होतं. कुठल्या चुलीवर केलं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"तुम्हाला माहितीय ना काय ते?" मी विचारलं.

"मपल्या तोंडानं नगं," कौसाबाई म्हणाल्या आणि पुढचा उंडा थापायला घेतला. "तुमची आत्याबाई हाय ना गावाकडं? तिला इचारा."

बुधवारी सकाळी मी दहिवडीच्या एसटीत बसलो. वाटेत सगळे तर्क लढवून झाले. लग्न असेल, लग्नात चूल अंगणात मांडतात. बारसं असेल. पण लग्नाच्या पंगतीत पिठलं? आमच्या माणदेशात माणूस गरीब असेल, पण लेकीच्या लग्नात पिठलं वाढेल इतका नाही. शिवाय जत्रा म्हणावी तर हलगी ऐकल्याचं आठवेना. इतकी माणसं होती, पण आवाज नव्हता. गाडीतून उतरेपर्यंत माझं डोकं पिठल्यासारखंच गुठळ्या धरून बसलं होतं.

बयजाआत्या ओट्यावर शेंगा फोडत होती. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. वडील पलटणीत, वर्षातून एकदा येणारे, त्यामुळं आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच. सत्तरी ओलांडली होती, पण जीभ विशीतली.

"आगुदर सांगितलं आसतंस तर कोंबडी धरली आसती," ती म्हणाली. "हाटेल झालं का चालू?"

मी मोबाइलमध्ये तिला ताटाचा फोटो दाखवला. पाटाएवढं काळं ताट, आणि त्याच्या मध्यभागी तीन चमचे पिठलं. तिनं मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"हे काय? कावळ्याला ठिवलंय?"

"गिऱ्हाइकाला."

"आन् ते गप खातंय?"

"आत्या, मला एक सांग. आपल्या घरात एकदा लई माणसं जमली होती. चूल पेटली नव्हती. आणि सगळ्यांनी मला पिठलं भरवलं होतं. ते कधी?"

"जत्रंत व्हय? जत्रंत पिठलं कोन करतंय? बोकड आसतंय."

हे उत्तर तिनं मला याआधीही दोन-तीनदा दिलं होतं, आणि मी ते ऐकून गप्प बसलो होतो. आज बसलो नाही.

"जत्रा नव्हती. हलगी नव्हती."

"तुला काय म्हाईत? चार वर्साचं प्वार. ध्यान ऱ्हातंय व्हय तेवढ्या पोराला?"

"चार वर्षांचा होतो हे मी कुठं सांगितलं?"

आत्याच्या बोटांत शेंग तशीच राहिली.  चार वर्षांचा असताना आमच्या घरात माणसं जमावीत असं एकच झालं होतं, आणि ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कडू घास हुता त्यो," आत्या म्हणाली.

कडू घास मला माहीत नव्हता असं नाही. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात चूल पेटत नाही. मातीहून परत आल्यावर भावकीतली, शेजारपाजारची माणसं आपापल्या घरून भाकरी-कालवण आणतात आणि दुःखातल्या घराला दोन घास खायला लावतात. मोठा झाल्यावर मी तो घास तीन-चार घरांत खाल्ला होता. पण आनंदाची आठवण त्या खणात कुणी शोधत नाही. इतकी वर्षं मी जिला जत्रा समजत होतो, तो आई गेली तो दिवस होता. रानात भुईमूग उपटताना तिला साप चावला, एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो होतो, हे माहीत नव्हतं.

मला रडू आलं नाही. खोटं कशाला सांगू, मला आधी पिठलंच सुचलं.

"म्हणजे पिठलं एका घरचं नव्हतं," मी म्हणालो.

"एका घरचं कसं आसंल? ज्यानं त्यानं तांब्याभर आनलं, आन् समदं एका पातेल्यात वतलं. तवा तसंच करत हुते. कुनाच्या घरचं बरं, कुनाच्या घरचं वंगाळ, ह्ये त्या दिशी कुनी बघू ने म्हनून."

एकेचाळीस वेळा मी एका हातानं अनेक हातांची चव काढायला निघालो होतो.

"आणि कडू? त्यात कडू काय घातलं होतं?"

"कडू कोन घालतंय? मातीवरनं आल्याली मानसं दारात कडुलिंबाचा पाला चावून आत येत्यात. पाला तोडल्याल्या हातानंच तुला घास भरवला. त्ये हाताचं कडू."

मी मेथी घालत बसलो होतो.

"किती घरं होती?"

आत्या बोटं मिटत मोजायला लागली. "थोरल्या चुलत्याचं. खालच्या आळीतल्या तानूबाईचं. गुरवाचं. सुताराच्या कोंडाबाईचं. आन् तुझ्या आयच्या मैतरणीचं, ती लोणाऱ्याची." पाच बोटं मिटली. ती मूठ तिनं तशीच मांडीवर ठेवली, जरा जास्तच घट्ट. मला वाटलं, आणखी काही सांगेल. पण तिनं विषयच फिरवला.

"आन् आता त्ये तू ल्वाकास्नी ताटात घालून इकनार?"

"आत्या, तसं नाही."

"मग कसं? कडू घास कुनी हौशीनं करत न्हाय, हणमा. चांगल्या घरात त्याचं नावबी काढत न्हाईत. दुसरं कायबी कर. शेंगदाण्याची आमटी कर. त्ये नगं."

मी बरंच समजावलं. ती ऐकेना. निघताना तिनं नेहमीसारखी शेंगांची पिशवी हातात दिली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. तिला राग आला असेल, असं समजून मी गाडीत बसलो.

गुरुवारी सकाळी मी कौसाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना कळलेलंच होतं. मी म्हटलं, आत्या म्हणते करू नको, अशुभ असतं.

"म्हातारी मानसं म्हनायचीच," कौसाबाई म्हणाल्या. "पर मला सांगा, मेलेल्याला भूक असती व्हय? भूक जित्यालाच असती. मेलेल्यासाठी नसतंयच ते. आपण कुनाला मारायला न्हाई, जेवाय घालायला बसलोय." मग त्यांनी एक अट घातली. "पर पिठलं हितं करायचं न्हाई. ज्यानं त्यानं घरनं आणायचं."

"ठीक. मी पण घरून..."

"तुम्ही न्हाई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ज्याच्या घरचं मानूस गेलं, त्याच्या घरात चूल पेटत न्हाई."

अशी मजा झाली. शेफ मी, पदार्थ माझा, आणि त्याला हात लावायची मलाच बंदी.

मॅडमना पटवणं त्याहून अवघड गेलं. कडू घासाचं मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की पिठलं पाच घरांतून येईल आणि इथं एकत्र होईल.

"आणि उद्याचं पिठलं आजच्यासारखं लागेल याची खात्री काय?"

"लागणारच नाही. रोज वेगळं लागेल."

"हणमंत, असं हॉटेल चालत नाही. माणूस एकदा खातो, त्याला आवडतं, म्हणून तेच खायला तो परत येतो."

"शनिवारपुरतं बघा. आणि पाचवं घर तुमचं आहे."

"माझं?" त्या चमकल्या. "आमच्याकडे पिठल्यात साखर घालतात."

"घाला."

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता डबे आले. कौसाबाईंचं लसणीचं, दाटसर, वर तेलाचा तवंग. भाजी चिरणाऱ्या रफीकच्या आईनं मिरजेच्या पद्धतीनं भरपूर कांदा आणि कोथिंबीर घालून केलेलं. देवगडच्या दिगंबरानं बेसन सोडून कुळथाचं आणलं, वर म्हणतो, "आमच्यात ह्याकाच पिठी म्हणतत. चलात तर बगा." भांडी घासणाऱ्या तुळशीरामकाकांच्या बायकोनं वऱ्हाडी हातानं मिरची घातली होती, झाकण उघडताच सगळ्यांना ठसका लागला. आणि मॅडम स्वतः पितळी डब्यात सासूबाईंच्या हातचं घेऊन आल्या, हिंगाचं, आमसुलाचं आणि साखरेचं. असले पाच डबे एका पातेल्यात ओतायचे म्हणजे मिरजेची, बीडची आणि पुण्याची माणसं एका खोलीत कोंडण्यासारखं होतं.

मी ओतले. डावानं एकदाच फिरवलं, घोटलं नाही. कुठं पिवळं, कुठं कुळथाचं तपकिरी, असे पट्टे राहू दिले. कौसाबाईंनी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मोडून, त्यावर पिठलं घेऊन माझ्या तोंडापुढं धरला. मी हातानं घ्यायला गेलो, तर त्यांनी हात मागं घेतला. तेव्हा मी तोंड उघडलं.

होतं. पहिल्यांदाच होतं. मांडी होती, ओटा होता, राखेतलं मांजर होतं.   मी आणखी एक घास घेतला, मग तिसरा. आणि तिसऱ्या घासाला मला कळलं, की एक काही तरी अजून नाही. कडूपणाबद्दल नाही म्हणत मी, तो मी सोडूनच दिला होता. जेवणाऱ्याच्या ताटात कडू आपण घालू नये. पण पाचही चवींच्या खाली एक सहावी होती, सगळ्यांत साधी, जवळजवळ अळणी, आणि ती इथं नव्हती.

मी मागच्या दारी गेलो आणि गावाकडच्या चुलतभावाच्या मोबाइलवर फोन लावला. त्यानं आत्याला हाक मारली.

"आत्या, पाच घरचं केलं. तुझा राग आहे, माहीत आहे. पण एक कमी पडतंय."

 

"कसं रं कळलं तुला?" ती म्हणाली.

"काय कळलं?"

"पाच न्हवं. सा हुती."

"सहावं कुणाचं?"

"हितंच हाईस का एकला?"

"एकटाच आहे."

"सोजरचं." सोजर म्हणजे माझी आई. "रानात जायच्या आधी तिनं सकाळी पिठलं करून ठिवलं हुतं. दुपारला खाऊ म्हनून. मानूस गेल्यावर घरातलं शिजल्यालं टाकून द्यायचं आसतंय, उकिरड्यावर. म्या पातेलं घिऊन परसात गेले. पर टाकवंना. तिचा हात फिरल्याला त्यात. आन् तू सकाळधरनं उपाशी. कुनाचा घास तोंडात घेईनास. आयच्या हातचं पायजे म्हनून नुसतं भोकाड. समदी भरवून थकली."

"मग?"

"मग म्या कुनाचं ध्यान न्हाई बघून त्ये त्या पातेल्यात वतलं, आन् हालवलं. त्येच्यानंतर तू खाल्लंस. खाल्लंस ते पातेलं सरस्तवर खाल्लंस. हासत हुतास, हणमा. समद्यांच्या डोळ्याला पानी, आन् तू हासत हुतास." तिचा आवाज फुटला. "पर भावकीनंबी खाल्लं की त्ये. मेल्याल्या घरातलं शिजल्यालं म्या समद्यांच्या पोटात घातलं. कळलं आसतं तर मला गावात ठिवली नसती. म्या देवापुढं सुदिक कधी बोलले न्हाई. आन् तू आपला दर येळंला इच्यारायचास, आत्या, त्ये पिठलं कुनाचं, त्ये पिठलं कुनाचं."

 मागच्या भिंतीला टेकून मी खाली बसलो आणि मोठ्यानं रडलो. वयाच्या चौथ्या वर्षी रडायचं राहून गेलेलं ते रडणं होतं. ती पलीकडून म्हणत होती, "चुकलं का रं माझं? आरं बोल की. चुकलं का?"

"नाही आत्या," मी म्हणालो. "तेवढंच एक बरोबर केलंस."

पुढं ते पिठलं त्या कार्डावर अकरा वर्षं राहिलं. रोज वेगळ्या पाच घरांतून आलं, रोज वेगळं लागलं. त्या शनिवारच्या बारा माणसांत एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांनी ताट बोटानं पुसून घेतलं आणि मग आजूबाजूला पाहून बोट लपवलं. पण ते सगळं नंतरचं. मी तोंड धुऊन आत आलो, तेव्हा साडेसहा वाजत होते आणि मॅडम टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं बारा कार्डं लिहीत होत्या. आठ ओळी भरल्या होत्या.

"जमलं का शेवटी?" माझ्या डोळ्यांकडं पाहत त्यांनी विचारलं.

"जमलं. थोडं कमी आहे. तसंच जाऊ दे."

"काय कमी आहे? घालू ना, अजून वेळ आहे."

"नको. तसंच असतं ते."

त्यांनी फार खोदलं नाही. पेन उचललं आणि नवव्या ओळीवर टेकवलं. "हात कुणाचे लिहू?"

"कौसाबाई. रफीकची आई, त्यांचं नाव जैबुन्निसा. दिगंबर. तुळशीरामकाकांच्या घरच्या, चंद्रभागाबाई. तुमच्या सासूबाई."

मॅडम लिहीत गेल्या. सासूबाईंचं नाव लिहिताना जरा हसल्या.

"आणि सोजर," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. मग ओळीवरून बोट फिरवत नावं मोजली, आणि भटारखान्यात ओळीनं पालथे घातलेले रिकामे डबे मोजले.

"ही सहा नावं झाली, हणमंत. डबे तर पाचच आले."

"सहावा येणार नाही, मॅडम," मी म्हणालो. "तो मी आधीच खाल्लाय."